तांडेल कुणाचा?

महिपत शिगवणचा आवाज देवानं कुठे ठेवला होता कोण जाणे! मंडणगडकडचा धट्टाकट्टा माणूस, भाताचा भारा एका हिसक्यात डोक्यावर घेईल असा. पण तोंड उघडलं की शेजारच्यानं "आँ?" म्हणून कान पुढे करावा. रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत तो कारकून होता. साहेबानं काही विचारावं, ह्यानं उत्तर द्यावं, आणि साहेबानं तेच पुन्हा दुसऱ्याला विचारावं, असा रोजचा प्रकार. एसटीत बसला की ह्याचं "थांबवा, थांबवा" होईपर्यंत थांबा मागे जायचा. मग पुढच्या थांब्यावर उतरून स्वारी गुपचूप मागे चालत यायची. सहदेव कंडक्टरशी त्याची दोस्ती झाली ती ह्यातूनच. सहदेव एकदा वैतागून म्हणाला, "अरे बाबा, ओरड की जरा! गाडीला काय तुझ्या मनातलं कळणार हाय?" महिपत हसला. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

हा माणूस दर रविवारी दुपारी मिरकरवाड्यात तिघाजणांना घाम फोडतो असं कुणी सांगितलं असतं, तर कचेरीतले लोक पोट धरून हसले असते. पण फोडायचा, खरंच फोडायचा!

त्याचं असं झालं. त्याचा एक चुलतभाऊ बोटीवर होता. पंच्याऐंशीच्या सुमाराला त्यानं कुठल्याशा परदेशी बंदरातून एक खोका आणला. त्याला वाटलं, पोरांचा खेळ असेल, सापशिडीसारखा. उघडून बघतो तर पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसती इंग्रजी पुस्तकं आणि चित्रविचित्र फासे, एकाला तर चांगली वीस तोंडं! "तू शिकलेला, तूच बघ बाबा काय ते," म्हणून त्यानं ते लचांड महिपतच्या गळ्यात मारलं. महिपतनं डिक्शनरी घेऊन ती पुस्तकं अख्खा पावसाळा वाचली आणि पठ्ठ्याला एकदाचं उमगलं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. आपण काय करतो ते ज्याचं त्यानं बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. ह्या रविवारी जिथे थांबलं तिथून पुढच्या रविवारी पुढे.

जागा दिली दादूनं. दादू बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता आणि मशीनच्या वरची खोली त्याच्या ताब्यात होती. खाली घरघर, वर थंडगार लादी. दादू आला, सहदेव आला. दादूची बायको शालन पहिल्या दिवशी चहा घेऊन आली, "काय चाललंय तुमचं?" म्हणत दारात टेकली, आणि संध्याकाळपर्यंत तीच सगळ्यांत सरस तिरंदाज ठरली. मग तिला कोण घालवतंय!

आता गंमत ऐका. पुस्तकात लिहिलं होतं की गोष्ट सांगणाऱ्यानं पुठ्ठ्याचा आडोसा करावा आणि आपले फासे त्याच्यामागे टाकावेत, कुणाला दाखवू नयेत. महिपतनं इमानानं पुठ्ठा उभा केला. दादू भडकलाच. "हे काय? गावच्या देवीला कौल लावतो तेव्हा गुरव काय पडदा ओढून घेतो? फूल उजवीकडे पडलं की डावीकडे, ते सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत! लपवलेला कौल आपण मानणार नाय." सहदेवनं मान डोलावली, शालननं तर पुठ्ठा उचलून चहाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवला. झालं, पुस्तकातल्या गोऱ्या साहेबाचा नियम तिथेच मेला. वीस तोंडांच्या फाशाला नाव पडलं कौल. दहाच्या वर पडला तर उजवा, म्हणजे जमलं; नाहीतर डावा, म्हणजे फसलं. आणि महिपतला सगळे गुरव म्हणायला लागले. सुरुवातीला दादू हात जोडून गाऱ्हाणं घालायचा, "बा देवा महाराजा, आज तरी आमची होडी बुडवू नको," आणि बाकीचे गंभीर चेहऱ्यानं "होय महाराजा!" म्हणायचे.

ह्या उघड्या कौलानंच रुमाजी तांडेल जन्माला घातला. खरं तर तो एक किरकोळ समुद्री चाचा होता, गलबतावरून गावं लुटणारा. पहिल्याच लढाईत त्याला मारून टाकायचं असं महिपतनं ठरवलेलं. पण दादूची तलवार उठली आणि कौल डावा. शालनचा बाण सुटला, डावा. सहदेवनं फासा टाकला तर एक! तांडेल समुद्रात उडी मारून पसार झाला. पुढे एका गावच्या जत्रेत महिपतनं सहज म्हणून त्याला पुन्हा आणला, तर तिघेही ताडकन उठून बसले. "तोच? आपलाच तो?" महिपतला तिथे कळलं की नवे राक्षस कितीही आणले तरी माणसं ते विसरतात, परत आलेला एक मात्र विसरत नाहीत.

मग तो तांडेलाच्या मागेच लागला. कौल उघडा, त्यामुळे लबाडी करून त्याला वाचवता येत नव्हतं. डोकं चालवणं भाग होतं. मागचं दार उघडं असल्याशिवाय तांडेल कधी हाताच्या टप्प्यात यायचाच नाही. आणि आला की कुणाचं तरी काहीतरी घेऊन जायचा. दादूच्या वीराच्या बापाची तलवार नेली. शालनची होडी जाळली. सहदेवला मात्र एकदा बुडताना बाहेर काढलं, आणि त्या उपकाराचा सहदेवला जो त्रास झाला तो तलवार गेल्याचा दादूला झाला नव्हता. तांडेल ओरडायचा नाही. कारण महिपतला ओरडता येत नव्हतं, एवढं साधं. तो हळूच पुढे यायचा आणि विचारायचा, "जेवलात काय?"

"भावोजी, मेल्यानं परवा माझी झोप उडवली," शालन एकदा म्हणाली. "कडी लागली की नाय ते दोनदा उठून बघितलं." महिपत त्या बोलण्यावर पुढचा आठवडा तरंगत होता. त्याला घाबरून कुणीतरी कडी बघितली! कचेरीत ज्याचं "हजर" ऐकू जात नाही, त्या माणसाच्या तोंडाकडे तिघं जण श्वास धरून बघत बसतात, ही काय साधी गोष्ट आहे? तांडेल गेला तर ह्या माणसाकडे उरणार काय, सांगा बघू.

आणि तांडेल गेला. मेला नाही, हो. दुसऱ्यानं नेला.

सत्त्याऐंशीच्या थंडीत महिपतचा घसा बसला. मुळात होता तेवढाही आवाज निघेना. "आज राहू दे," तो खुणेनं म्हणाला. तेवढ्यात दादू खाली जाऊन गंगारामला घेऊन आला. गंगाराम जेटीवर मासळीचा लिलाव पुकारायचा. शिमग्यानंतर गावोगाव नमनाचे खेळ होतात, त्यात राक्षसाचं सोंग ह्याचंच ठरलेलं. त्या दिवशी कुणाच्या तरी बोटीसाठी बर्फ न्यायला आला होता. "तू कानात सांग, हा मोठ्यानं बोलेल," दादू म्हणाला. महिपतनं कानात सांगितलं. गंगारामनं ऐकलं, क्षणभर डोळे मिटले, खांदे जरा पाडले, आणि विचारलं, "जेवलात काय?"

तेच दोन शब्द, बरं का! अक्षर इकडचं तिकडे नाही. पण शालनला चहाचा ठसका लागला, सहदेव भिंतीला टेकला, आणि दादू "आयला!" एवढंच म्हणाला. आपलं पोर दुसऱ्याच्या कडेवर जाऊन खिदळायला लागल्यावर आईला होत असेल, तसं काहीतरी महिपतला झालं.

घसा आठवड्यात सुटला. रविवारी महिपतनं तोंड उघडलं, "तांडेल दारात उभा आहे, तो म्हणतो..." आणि शालन म्हणाली, "थांबा हां भावोजी. तांडेलाचं गंगारामभाऊंनाच बोलू दे की." दादू म्हणाला, "होय रे, तू बाकीचं सांग." गंगारामनं विचारलं, "गुरव, चालेल ना?" आता "नाही" म्हणायला काय झालं होतं? तोंडाला काय खीळ पडली होती? पण हा गाढव म्हणाला, "हो, चालेल." आणि तेवढं मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं!

तिथपासून ह्याचा जळफळाट सुरू झाला. महिपतनं गलबतं उभी करायची, वादळं आणायची, भुयारं खणायची, आणि त्यातून मिरवत यायचा कोण तर गंगाराम. त्यानं तांडेलाला मिशीला पीळ द्यायची सवय लावली. त्याला एक मुलगी दिली, दूर कुठेतरी आजोळी ठेवलेली. तिची आठवण काढून तांडेल हळवा झाला तेव्हा शालननं पदरानं डोळे टिपले. जिची होडी त्यानं जाळली तीच शालन! महिपत दात-ओठ खात बघत राहिला. मुलगी! हे आपल्याला का नाही सुचलं? चार-चार दिवस कचेरीत बसून कटकारस्थानं रचायची आपण, आणि हा पानाला चुना लावता लावता मुलगी काढतो!

बरं, गंगाराम वाईट असता तर बरं झालं असतं. पोटभर शिव्या तरी देता आल्या असत्या. पण मेला स्वभावानं लोण्यासारखा. दर वेळी वळून विचारायचा, "गुरव, बरोबर बोललो ना? चुकलं असेल तर सांग." त्या विचारण्यानं तर महिपतच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा बाजारात दोघं बरोबर चालले होते. समोरून सहदेव आला आणि हात वर करून ओरडला, "काय तांडेल!" महिपतचा हात वर जायला निघाला होता. अर्ध्यावरून त्यानं तो डोकं खाजवायला नेला.

घरी तो न्हाणीघरात दार लावून सराव करू लागला. "जेवलात काय? जेवलात काय?" जड आवाजात, मग खर्जात, मग नाकातून. बाहेरून त्याची बायको मैना म्हणाली, "अहो, आत्ता तर पोटभर न्याहारी करून उठलात, जेवायचं काय काढलंत? कुणाशी बोलताय?" महिपत अंगावर पाणी घेत बसला. आवाज काही आला नाही, सर्दी तेवढी आली.

मग त्याच्या मनात आलं, तांडेलाला मारूनच टाकावा. माझा आहे, मी आणला, मी नेणार. तांडेल मेला की गंगारामचं इथे काम काय? जाईल परत लिलावाला. पुन्हा तिघं आणि आपण, पुन्हा नवा खलनायक, पहिल्या दिवसापासून आपल्याच तोंडातला. कचेरीत हे सुचलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की साहेबानं विचारलं, "शिगवण, लॉटरी लागली काय?"

जन्मभर ज्यानं तांडेलासाठी पळवाटा खणल्या, तोच आता एकेक पळवाट बुजवायला बसला. समुद्राकाठच्या कड्यात एक भुयार. आत तांडेलाचा खजिना, म्हणून त्याला यावंच लागणार. मागचं दार दरड कोसळून बंद. गलबत गाळात रुतलेलं. आणि भरतीचं पाणी चढतंय. वर यायला एकच दोर, तोही ह्या तिघांच्या हातात. कौल डावा पडो की उजवा, तांडेल सुटत नाही. महिपत स्वतःच्या कामावर खूश झाला. असलं कडेकोट त्यानं कधी बांधलं नव्हतं.

दिवाळीच्या अलीकडचा रविवार. गाऱ्हाणं झालं. भुयारात लढाई जुंपली. गंगाराम तांडेल होऊन असा लढला, असा लढला, की खाली पाळीवर असलेला दुसरा मशीनवाला वर येऊन डोकावून गेला. पण कौल एकामागून एक उजवे पडत गेले. तांडेलाची तलवार तुटली. पायाला बाण लागला. पाणी छातीपर्यंत आलं. आता एकच बाण. शालनची पाळी.

"वहिनी, नेम धरलाय तुम्ही. सोडा," महिपत म्हणाला.

गंगाराम गुडघ्यावर बसला होता. त्यानं वर बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "माझ्या मुलीला सांगू नका कसा गेलो ते. बोटीवर गेलाय म्हणा."

शालननं फासा मुठीत धरला. धरूनच बसली. मग तो लादीवर ठेवून दिला, न टाकता. "मी बाण खाली ठेवते."

"काय?" महिपत म्हणाला.

"मला नाय जमणार, भावोजी. एवढ्या वर्षांचा आपला माणूस तो."

"मी दोर टाकतो," दादू घाईनं म्हणाला. "रुमाजी, धर रे! तलवार मागाहून बघू."

"माझ्यावर तर त्याचा उपकारच हाय," सहदेव म्हणाला. "धरा, मी पण ओढतो."

सगळ्या वाटा बुजवल्या होत्या हो! कड्याला फट म्हणून ठेवली नव्हती. आणि ज्यांच्या हातात मरण दिलं त्यांनीच वाट काढून दिली. महिपत उठून उभा राहिला.

"दोर टाकताय? त्याला?"

खालच्या मशीनची घरघर त्या आवाजाखाली बुडाली. कुठून आला तो आवाज देव जाणे. न्हाणीघरात आला नव्हता, कचेरीत आला नव्हता.

"कोण होता हा? कोण ओळखत होतं ह्याला? पाण्यातून मी वर काढला! बोलायला मी शिकवलं! ह्याच्या तोंडात शब्द घातले ते माझे, आणि तुम्ही सगळे ह्याचे? ह्याच्यासाठी डोळे पुसता? आणि मी? मी इथेच होतो! पहिल्यापासून इथेच, तुमच्या समोर, हाताच्या अंतरावर! एकानं तरी विचारलंत? एकानं तरी मान वर करून बघितलंत? मारा त्याला! तुमच्यानं होत नसेल तर मी मारतो. आणि मग तुमच्याकडे बघतो एकेकाकडे!"

महिपतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याच्या लक्षात यायला लागलं होतं की आपण हे काय करून बसलो. दोस्ती गेली. रविवार गेले. आता कोणत्या तोंडानं...

दादू अगदी हळू आवाजात म्हणाला, "हा... हा पहिल्यापासून भुयारात होता?"

"अगं बाई!" शालननं दोन्ही दंड चोळले. "काटा बघा, काटा! म्हणजे तांडेल नुसता नोकर? ह्याच्यामागे दुसराच कुणीतरी होता?"

"आवाज कुठून आला?" सहदेव घाईघाईनं फासा उचलत म्हणाला. "मी मशाल वर धरतो. गुरव, दिसतो काय कुणी? कौल लावू?"

महिपत तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांना गोष्टच वाटली! आयुष्यात पहिल्यांदा ह्यानं मनातलं ओरडून सांगितलं, आणि ह्यांना वाटलं नवा खलनायक आला!

गंगारामला मात्र तसं वाटलं नव्हतं. तो गुडघ्यावर होता तसाच राहिला होता आणि महिपतच्या डोळ्यांकडे बघत होता. नजर खाली घेऊन त्यानं हात जोडले. तांडेलाच्याच आवाजात, पण कधी काढला नव्हता इतक्या खाली, तो म्हणाला, "मालक, चुकलं माझं. तुमचं होतं ते मी माझं म्हणून मिरवलं."

शालनच्या तोंडून हुंदका निघाला. आणि महिपतच्या मनात, काय सांगू तुम्हाला, त्या घटकेलाही पहिल्यांदा तेच आलं. की "चुकलं" सुद्धा एवढं चांगलं ह्यालाच म्हणता यावं! आपण वर्षभर जळलो, आणि हा एका वाक्यात सगळ्यांना रडवून मोकळा! पण त्या वाक्यानं त्याच्या छातीतली गाठही सैल केली होती. त्याला खाली बसावंसं वाटलं. तो बसला.

"पण भावोजी," शालन पुढे सरकली. दादू सरकला, सहदेव सरकला. तिघांचे डोळे महिपतच्या तोंडावर खिळले होते, पूर्वीसारखे, पूर्वीपेक्षाही जास्त. "ह्या मालकाला पाहिजे तरी काय? एवढा का जळतो तो?"

सांगता येईल असं महिपतला वाटलं. आवाज अजून घशात होता, शब्द जिभेवर होते, आणि विचारणारी माणसं समोर बसली होती.

"त्याला एवढंच वाटतं," त्यानं सुरुवात केली, "की आपल्याला कुणीतरी..."

"ए, ए, सांगू नको!" दादूनं झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "आत्ताच सांगितलंस तर मजा काय? आमचं आम्ही हुडकून काढू ना!"

"होय भावोजी, सांगायचं नाय हां," शालन म्हणाली. "कितीही विचारलं तरी सांगायचं नाय!"

दादूच्या तळहाताखाली महिपतनं मान डोलावली.